पिक पिक करता, पण पीक कधी येणार?

विका म्हणे केसलरला, अमेरिकेतल्या NBA बास्केटबॉल लीगमधल्या आमच्या यूटाह जॅझ टीमच्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी)! कालपासून डोकं सणकलंय माझं.

आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर एक महाशय आहेत. त्यांचं एकच पालुपद: "रीबिल्ड (टीम नव्याने बांधणं) चालू आहे ना? मग वॉकर केसलर द्या आणि दोन फर्स्ट राउंड पिक घ्या." पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क. अरे, अजून किती पिक? 2022 मध्ये आमचा सेंटर रूडी गोबेअर मिनेसोटा टीमला दिला तेव्हा चार फर्स्ट राउंड पिक आणि पाच खेळाडू आले. त्या पाचांतला 2025 मध्ये यूटाह जॅझमध्ये उरला होता एकटा केसलर. म्हणजे त्या अख्ख्या व्यवहारात हाताला लागलेलं सगळ्यात खणखणीत नाणं हेच, आणि तेच मोडून पुन्हा चिठ्ठ्या घ्यायच्या?

चिठ्ठ्यांचं काय होतं ते 2025 च्या मे महिन्यात बघितलं की. 82 मॅचमध्ये 65 पराभव, फ्रँचायझीच्या इतिहासातला सगळ्यात घाण सीझन. आमचा स्टार मार्कानेन खेळू शकत असताना बसवून ठेवला म्हणून लीगने 1 लाख डॉलरचा दंड ठोकला तो वेगळाच. एवढी अब्रू घालवून कूपर फ्लॅग या ड्राफ्टमधल्या गाजलेल्या पोरासाठी लॉटरीत उतरलो (निवडीचा क्रम ठरवणारी सोडत, जास्त हरणाऱ्याला जास्त संधी) आणि मिळालं काय? पाचवा नंबर! त्याच्याखाली घसरताच येत नव्हतं, म्हणून तिथे थांबलो. पहिला नंबर गेला डॅलसला, ज्यांना फक्त 1.8 टक्के संधी होती. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय.

सकाळी साडेसातच्या मॅचा मी डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये, दाराजवळ एका पायावर उभा राहून बघितल्यात. त्या सगळ्या मारात बघण्यासारखं होतं ते एवढंच, की समोरचा गार्ड मोकळ्या रस्त्याने आत घुसतो आणि शेवटच्या क्षणी हा सात फुटी गडी कुठूनतरी हात घालतो. मॅचमागे 12 रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), दोनाच्या वर ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं). फ्री थ्रो भयानक टाकतो, मान्य. अजून तरुण आहे हो तो!

टपरीवाले महाशय लगेच फिलाडेल्फिया टीमचं उदाहरण काढतात. तिथे नोएल आणि ओकाफोर वेळेत विकले नाहीत, मग मातीमोल भावात गेले. बरोबर आहे, पण तिथे एम्बीड धरून तीन सेंटर एकाच जागेसाठी रेटारेटी करत होते. इथे 2025 मध्ये दुसरा सेंटर कोण होता? नुर्किच?

आणि करार 2026 मध्ये संपतो म्हणून घाबरायचं कशाला? तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट ठरतो. दुसऱ्याने कितीही मोठी ऑफर दिली तरी तेवढेच पैसे मोजून त्याला ठेवायचा हक्क जॅझचाच. एवढं साधं कळत नाही आणि म्हणे ट्रेड करा!

मला पुन्हा त्याच दारात मोबाइल धरून उभं राहायचंय. 2029 चा पिक काय मॅच खेळतो का? निदान एक ब्लॉक तरी बघू द्या, राव.