१७ सप्टेंबरच्या पहाटे पोलंड जिवंत होता

नमस्कार. १९३९मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ या दोन शेजाऱ्यांनी पोलंड वाटून घेतला, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण मोकळेपणाने टीका केलीत, बरं वाटलं. आपलं म्हणणं थोडक्यात असं की, हल्लेखोर हिटलर होता; सोव्हिएत फौजा शिरल्या तेव्हा पोलंडचं सरकार उरलंच नव्हतं; स्टालिनला लढाईच्या तयारीसाठी वेळ हवा होता; आणि पोलंड तरी कुठे धुतल्या तांदळाचा होता?

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. म्युनिक करारानंतर १९३८च्या ऑक्टोबरमध्ये पोलंडनं चेकोस्लोव्हाकियाला दमात घेऊन त्याचा झाओल्झिये हा तुकडा तोडला. पूर्वेकडच्या युक्रेनियन प्रजेलाही त्यांनी नीट वागवलं नाही. हे माझ्या लेखात यायला हवं होतं.

पण सरकार उरलं नव्हतं, हे मात्र मी मान्य करणार नाही. १७ सप्टेंबरला पहाटे तीनच्या सुमारास पोलिश राजदूत ग्शिबोव्स्की यांना मॉस्कोत बोलावून एक खलिता वाचून दाखवला गेला. पोलिश राज्य आता अस्तित्वात नाही, सबब त्याच्याशी केलेले करार रद्द, असा त्याचा मतलब. त्यांनी तो हातात घ्यायलाही नकार दिला. त्या क्षणी वॉर्सा लढत होतं, ते पडलं २८ तारखेला. सरकार रुमानियाच्या सीमेला टेकलं होतं हे खरं, पण होतं पोलंडच्याच मातीवर. ते सीमेपार गेलं त्या दिवशी रात्री, लाल सेना आत शिरल्यावर. जिवंत माणसासमोर बसून त्याच्या मृत्यूचा दाखला वाचण्यासारखंच होतं हे. आणि सरकार कोसळलं म्हणून फौजा आल्या म्हणावं, तर २३ ऑगस्टच्या जर्मन-सोव्हिएत कराराच्या गुप्त कलमांत नारेव, व्हिस्चुला आणि सान या नद्यांवरून वाटणीची रेघ आधीच कशी ओढली होती? तेव्हा तर युद्धाची पहिली गोळीही सुटली नव्हती.

वेळ हवा होता, हे आपण म्हणता तसं असेलही. पण मग जर्मनीला तेल आणि धान्य कशाला पुरवायचं? २१-२२ जून १९४१च्या रात्रीसुद्धा सोव्हिएत धान्याची मालगाडी बुग नदी ओलांडून जर्मनांकडे गेली. काही तासांत तिथूनच सोव्हिएत संघावर जर्मन तोफा सुरू झाल्या.

आणि कातिनचं हत्याकांड? ५ मार्च १९४०च्या सोव्हिएत नेतृत्वाच्या निर्णयानं सुमारे २२ हजार पोलिश कैदी मारले गेले. त्यांतल्या मेजर सोल्स्कींची डायरी त्यांच्या प्रेताबरोबर सापडली. शेवटची नोंद ९ एप्रिलची. कैद्यांच्या गाडीतून जंगलात आणलं, कसून झडती घेतली, घड्याळ काढून घेतलं. त्यात साडेसहा वाजले होते. मग रुबल, पट्टा, खिशातला चाकू. नोंद तिथेच तुटते. युद्धाच्या तयारीशी याचा काय संबंध, ते मला कुणी समजावून सांगावं.

‘आपल्याकडे पोलंडचा एवढा कळवळा कशाला,’ असंही आपण विचारलंत. मी कोल्हापूरचा. इथून जवळच, वळिवड्याला, १९४३पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ही माणसं हिटलरच्या भीतीनं पळून आली, असंच मी लहानपणापासून ऐकत आलो. तसं नव्हतं. त्यांतल्या बहुतेकांना सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचललं होतं. त्यातली पहिली मोठी खेप १० फेब्रुवारी १९४०ची: कडाक्याच्या थंडीत, रात्री दार ठोठावून, अर्ध्याएक तासात गाठोडं बांधायला लावून मालडब्यांत कोंबलेली. पुढे सैबेरिया, कझाकस्तान, कास्पियन समुद्र, इराण, कराची आणि मग आपलं वळिवडे. त्यांना घराबाहेर काढणारा हात कुणाचा होता, हेच मला त्या लेखात नेमकं लिहायचं होतं.

झाओल्झियेचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात जोडतो. लेखाच्या शीर्षकातला ‘दोन शेजारी’ हे शब्द मात्र तसेच राहतील.