आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावताना घ्यावयाची काळजी

देशोदेशींच्या आरोग्यव्यवस्थांना नंबर द्यायचेत म्हणता? जरूर द्या. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. आधी पहिला कोण ते ठरवा, मग त्याच्या मापाचे निकष शिवून घ्या.

आकडे मिळत नाहीत म्हणून हातपाय गाळू नका. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने १९१ देश रांगेत उभे केले. फ्रान्स पहिला, इटली दुसरी, सिएरा लिओन शेवटचा. त्या अहवालाचे संपादक फिलिप मस्ग्रोव्ह यांनीच पुढे लिहिलं, की त्यातले ६१ टक्के आकडे मोजलेले नव्हतेच, समीकरणं मांडून काढलेले होते. तुम्हीही खुशाल काढा. फक्त कबुली द्यायला काही वर्षं थांबा.

रुग्ण जगतो की मरतो, याला फार महत्त्व देऊ नका. २०१४ साली अमेरिकेतल्या कॉमनवेल्थ फंड या आरोग्यविषयक संस्थेने ११ श्रीमंत देश तपासले. ब्रिटन एकूण पहिला आला आणि 'निरोगी आयुष्य' या विषयात दहावा. बाकीच्या विषयांनी तारलं हो!

आता कार्यक्षमता. ही म्हणजे निव्वळ भागाकार: वर तब्येत, खाली खर्च. तब्येत सुधारणं कष्टाचं काम, म्हणून खालचा आकडा लहान करा. त्यात आपल्या सरकारी रुग्णालयांचा हात कोण धरेल? केसपेपरसाठी पहाटेपासून रांगेत उभा राहणारा भाऊ, स्ट्रेचर ढकलणारा मेहुणा, 'बाहेरून आणा' म्हटलं की चिठ्ठी घेऊन समोरच्या मेडिकलकडे पळणारा मुलगा, बदली रक्त द्यायला गावाहून आलेले चौघे, कॉटखाली चटईवर झोपून रात्रभर सलाइनच्या बाटलीकडे बघणारी आई. यातल्या कुणालाही पगार नाही, म्हणजे खर्च शून्य. मुलाने औषधांचे पैसे गावच्या सावकाराकडून आणले असतील, पण तो सावकाराचा व्यवसाय झाला, तुमच्या तक्त्यात त्याला रकाना कशाला?

शेवटी बातमी. २००० च्या यादीत भारत ११२ वा होता. मथळा द्या: 'पाकिस्तानला मागे टाकले!' खोटं काहीच नाही, पाकिस्तान १२२ वा होता. श्रीलंका ७६ वी आणि बांगलादेश ८८ वा होता, पण ते छापायला जागा पुरत नाही. जाहिराती असतात.