गालफडं, तूप आणि ‘चोचले’

नमस्कार. ‘जीव वाचला हे पुरे नाही का? गाल भरून घ्यायचे चोचले श्रीमंतांचे. असलं वाचून कुणी गोळ्या सोडल्या तर जबाबदार कोण?’ एचआयव्हीवरच्या स्टॅव्हुडिन या जुन्या गोळीनं बसलेल्या गालांवर मी लिहिलेल्या लेखाखालची ही तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली.

शेवटचं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. स्टॅव्हुडिनवर राग काढताना ‘मनानं गोळी बंद करू नका’ हे लिहायचं राहून गेलं. आता लेखात सगळ्यात वर टाकलंय. तसंही ते औषध आता इतिहासजमा झालंय. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच ते टप्प्याटप्प्यानं थांबवायला सांगितलं होतं.

पण चोचले? २००६ साली माझ्या गोळ्या सुरू झाल्या. सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, वाढले, अंगात ताकद आली, आणि दोन वर्षांत गालांत असे खड्डे पडले की पावडर लावली की तिथेच साचायची. घरात फक्त नवऱ्याला माहीत. जाऊबाई म्हणायच्या, “तूप खात जा गं.” खाल्लं. पोटावर गेलं. या औषधानं चरबीच्या पेशींतले मायटोकॉन्ड्रियाच, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भागच, निकामी होतात, तूप गालावर चढणार कसं? भाजीवाली मात्र काही न बोलता बघत राहायची. तिच्या भावाचीही गालफडं अशीच बसली होती. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं माझा रिपोर्ट गुप्त राहतो हो, तोंड कुठे लपवू?

औषध बदलल्यावर चरबी परतते, पण फार सावकाश आणि अर्धीमुर्धी. मांडीची चरबी काढून गालात भरतात म्हणे. आमच्या मांडीवर उरली असती तर ना! अमेरिकेत २००४ मध्येच, म्हणजे आपल्याकडे मोफत एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सुरू झाली त्याच वर्षी, यासाठी पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनांना मान्यता मिळाली. टोचल्यावर गाल फुगतात, चार दिवसांत पाणी जिरून पुन्हा बसतात, आणि मग कित्येक आठवड्यांनी आपलंच कोलॅजेन (त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन) तयार होऊन हळूहळू भरतात. चेहऱ्यापायी नैराश्य आलेल्या रुग्णांचा हा खर्च तिथली सरकारी विमा योजना मेडिकेअर २०१० पासून उचलतं.

मला परवडलं ते साधं हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर (गाल भरायचं इंजेक्शन), तेही एकदाच, भिशी लागली तेव्हा. वर्षभरात विरलं. पण त्याच वर्षी मुलीचा साखरपुडा होता, आणि फोटोत मी विहिणीच्या शेजारी, पुढच्या रांगेत उभी आहे.