परवा बॅक पासवर ओरडायचं नाही

आठवडाभर कट्ट्यावर, ग्रुपवर, मिसळीच्या टेबलावर एकच विषय: परवाच्या फुटबॉल सामन्यात टीम कशी लावायची. कोण म्हणतंय तीन फॉरवर्ड खेळवा, कोण म्हणतंय परदेशी खेळाडूला पुढं ठेवा आणि बॉल वरून टाका, विषय संपला. समोरची टीम कुठल्या तालमीची ते लिहीत नाही. वातावरण आधीच तापलंय आणि त्यांच्या गॅलरीत बसणारी निम्मी मंडळी माझी पाहुणी लागतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की टीम प्रशिक्षक लावतील. आपण गॅलरीत बसून काय करणार, ते आधी ठरवूया. कारण कोल्हापुरात टीमचा अर्धा खेळ गॅलरी ठरवते, आणि मोठ्या सामन्यात हमखास चुकीचा ठरवते. टीम पाटाकडील असो, खंडोबा असो, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, कुणीही असो. यात कुठलीच पेठ मागं नाही.

नीट बघा काय होतं. आपल्या स्टॉपरकडं, म्हणजे बचावातल्या मधल्या खेळाडूकडं, बॉल येतो. समोर मोकळा माणूस नाही. शहाणा खेळाडू बॉल मागं गोलकीपरकडं देईल, गोलकीपर दुसऱ्या बाजूच्या बॅककडं देईल, आणि तेवढ्यात समोरच्यांची मधली फळी इकडून तिकडं पळून दमेल. पण बॉल मागं गेला रे गेला की आपल्याकडून सुरू, 'अरे पुढं मार की!' त्यानंतर ज्या शिव्या, त्या इथं लिहिता येत नाहीत. पुढच्या वेळी तोच पोरगा मागं बघतच नाही. डोळं मिटून लांब फटका मारतो, आपण टाळ्या वाजवतो आणि बॉल बरोबर त्यांच्या उंच स्टॉपरच्या डोक्यावर. हाफटाइमला परत आपणच म्हणणार, 'आपलं मिडफिल्ड खेळलंच नाही राव.' बॉल डोक्यावरूनच गेला तर ते खेळणार कुठनं?

जुनी मंडळी सांगतात, पूर्वी कसा दणकून खेळ व्हायचा. खरं आहे. पण पूर्वी बॅकनं मागं दिलेला बॉल गोलकीपर हातात घेऊन निवांत उभा राहू शकायचा. १९९२ साली तो नियम गेला. आता मुद्दाम पायानं मागं दिलेल्या बॉलला गोलकीपर हात लावू शकत नाही, म्हणजे त्यालाही पायानं खेळता आलं पाहिजे. २०१९ पासून गोल किक, म्हणजे गोलजवळून खेळ परत सुरू करायची किक, मोठ्या डीच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या) बाहेर जायचीही गरज उरली नाही, आतच आपल्या माणसाला देता येते. टीव्हीवर इंग्लंडच्या टीम हेच करतात तेव्हा आपण रात्री जागून 'काय बिल्डअप आहे!' म्हणतो. तेच आपल्या पोरानं शाहू स्टेडियमवर केलं की 'भित्रा हाय.'

आता गोल किक दरवेळी आखूडच घ्या असंही मी म्हणत नाही. ते टीव्हीवालं गवत आणि आपलं मैदान यात फरक आहे, बॉल कधी कसा उसळेल सांगता येत नाही. त्यांचे दोन फॉरवर्ड डीच्या तोंडावर येऊन उभे असतील तर सरळ लांब मारा. एकच असेल तर आखूड द्या. हे गोलकीपरनं बघून ठरवायचं, गॅलरीचा आवाज ऐकून नव्हे. आणि लांब मारायचा तर पहिला हेडर कोण घेणार यावर डोकं खपवण्यापेक्षा हेडरनंतर खाली पडणाऱ्या बॉलवर कोण जाणार ते ठरवा. असले सामने त्या दुसऱ्या बॉलवर फिरतात. माझं मत विचाराल तर एक फॉरवर्ड कमी करा आणि स्टॉपरच्या पुढं एक पक्का माणूस ठेवा, ज्याचं काम फक्त पडलेला बॉल उचलून जवळच्याला देणं. त्याचा फोटो कुणी स्टेटसला ठेवणार नाही, पण परवा त्याचीच गरज आहे.

तरुण पोरांचा हट्ट आहे की पहिल्या मिनिटापासून वर जाऊन प्रेस करायचं, म्हणजे त्यांच्याच हाफमध्ये बॉलवर तुटून पडायचं. चारच्या उन्हात? पहिल्याच मिनिटाला पट काढायला धावणारा पैलवान दमसासाला कमी पडला की पुढं काय होतं, हे कोल्हापूरकराला मी सांगायला नको. पहिली दहा-पंधरा मिनिटं करा, मग अर्ध्या मैदानापर्यंत मागं या, दुसऱ्या हाफमध्ये त्यांचे बॅक थकले की परत करा.

आणि दोन्ही बॅक एकदम वर पाठवायचं खूळ सोडा. एक गेला तर दुसऱ्यानं थांबायचं. डर्बीत, म्हणजे एकाच गावातल्या दोन टीमच्या सामन्यात, आक्रमणाच्या नादात काय होतं याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण कोलकात्याचं आहे. १३ जुलै १९९७, फेडरेशन कपची सेमीफायनल, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,७८१ माणसं. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त, त्यांच्या आक्रमक 'डायमंड' पद्धतीची सगळीकडं हवा. आधीच्या फेरीत चर्चिल ब्रदर्सला अर्धा डझन गोल मारून आलेली टीम. समोर पी. के. बॅनर्जींची ईस्ट बंगाल. सामन्याआधी अमलदांनी ईस्ट बंगालचा फॉरवर्ड भायचुंग भुतिया याची टिंगलही केली. झालं काय? ईस्ट बंगाल ४-१, भायचुंगची हॅटट्रिक. माणसं पुढं गेली की मागं जागा पडते, आणि भायचुंगसारख्याला जागा म्हणजे आमंत्रणच. (तीच ईस्ट बंगाल फायनलला गोव्याच्या साळगावकरकडून हरली, हा भाग आपण कुणी सांगत नाही.)

बगलेनं, म्हणजे मैदानाच्या कडेनं खेळा, हे मात्र मी ओरडून सांगेन. पण तिथंही धीर लागतो. आपला अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला, पुढं आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) गेला. त्याच्यासारख्या खेळाडूला बॅकसमोर एकट्याला सोडायचं तर बॉल आधी दुसऱ्या बाजूला फिरवून त्यांची माणसं तिकडं ओढायला लागतात. म्हणजे परत तेच, दोन-चार पास मागं, आडवे. तेवढा वेळ आपण गप्प बसणार का?

राहता राहिला राडा. एका सामन्यात आपल्याच बाजूनं 'फोड त्याला' असा ओरडा सुरू झाला, आपला चांगला खेळणारा पोरगा पेटला आणि दुसरं यलो कार्ड घेऊन बाहेर. त्या दिवशी टीमचं नुकसान समोरच्या अकरा जणांनी कमी केलं, आपण जास्त केलं. बाटल्या फेकणाऱ्यांवर मी इथं लिहीत नाही, ती मंडळी पोस्ट वाचत नाहीत.

तर ग्रुपवर टाका: पहिल्या हाफमध्ये बॅक पासवर कुणी तोंड उघडायचं नाही. घाण पास गेला तर जरूर ओरडा. पण मुद्दाम, विचार करून मागं दिलेल्या बॉलवर नाही. हवं तर टाळी वाजवा, समोरची गॅलरी गोंधळून जाईल.

बरोबरी होऊन टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी किकवर गेलं तर पहिली किक कुणी मारायची, यावर माझा कॅप्टनच्या नावाला ठाम विरोध आहे. का, ते इथं लिहीत नाही, समोरचेही वाचतायत. उद्या रात्री कट्ट्यावर या, भांडू.