‘सीई, सीईयू, क्रेडिट सगळं एकच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक किंवा क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून काम करणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये लायसन्स नूतनीकरणासाठी सीई, म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशनचे ठरावीक तास दाखवायचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘सीई, सीईयू, कॉन्टॅक्ट अवर, क्रेडिट ही एकाच गोष्टीची नावं आहेत, एक तास म्हणजे एक. सर्टिफिकेटवर एपीए दिसलं की कोर्स सगळ्या राज्यांत आणि सगळ्या लायसन्सना चालतो. सीएमई तर त्याहून वरचं. सर्टिफिकेट हातात आलं की काम झालं.’ पाठवणाऱ्याचा हेतू मदतीचाच असतो. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्याची झळ नवख्यांना बसते.

‘सीईयू म्हणजे एक तास.’ नाही. सीईयू (कंटिन्युइंग एज्युकेशन युनिट) हे एकक 1970 च्या सुमारास ठरलं आणि त्याची व्याख्या स्पष्ट आहे: 10 कॉन्टॅक्ट तास (प्रत्यक्ष शिकण्यात गेलेले तास) म्हणजे 1 सीईयू. म्हणजे सहा तासांच्या कार्यशाळेचे होतात 0.6 सीईयू. घोळ होतो तो बोलण्यात. निम्मे लोक ‘मला अजून बारा सीईयू हवेत’ म्हणतात आणि त्यांच्या मनात असतात बारा तास. बोलताना चालून जातं, फॉर्मवर नाही.

माझ्या देखरेखीखाली काम करणाऱ्या एका मुलीचा रात्री अकराला फोन आला. ‘ताई, मुदत परवा संपतेय आणि माझे जवळजवळ साडेपाच तास कमी पडतायत.’ रडवेली झाली होती. घाईघाईत दुसरा कोर्स विकत घ्यायच्या बेतात होती. मी म्हटलं, आधी सर्टिफिकेटचा फोटो पाठव. त्यावर 0.6 सीईयू लिहिलेलं होतं आणि तिने तासांच्या रकान्यात 0.6 भरलं होतं. तिचे सहाही तास पूर्ण होते. उलटी चूक याहून वाईट. सहा तासांना 6 सीईयू लिहिलं तर कागदावर साठ तासांचा दावा होतो, आणि खाली तुमची सही असते.

आता तासाचंही बघा. न्यूयॉर्कमध्ये सोशल वर्करचा कॉन्टॅक्ट तास किमान 50 मिनिटांचा धरतात. समुपदेशकांना एनसीसी हे प्रमाणपत्र देणारी एनबीसीसी ही संस्था पाच वर्षांत 100 ‘क्लॉक अवर’ मागते, आणि तिथे तास 60 मिनिटांचाच. (एनसीसी हे लायसन्स नव्हे. लायसन्स राज्य देतं आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.) विद्यापीठातला सेमिस्टर क्रेडिट तर आणखी निराळा. न्यूयॉर्क राज्य एका सेमिस्टर क्रेडिटचे 15 तास धरतं. तेव्हा ‘क्रेडिट’ या शब्दापुढे कुणाचं, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

‘एपीए असलं की सगळीकडे चालतं.’ या दाव्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण तो अर्धवट खरा आहे. मुळात एपीए दोन आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन मानसशास्त्रज्ञांची, अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशन मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांची. लघुरूप तेच, क्रेडिट वेगळं. पहिली संस्था एकेक कोर्स तपासून मंजूर करत नाही, कोर्स देणाऱ्या संस्थेला मान्यता देते. म्हणून सर्टिफिकेटवर ठरावीक मजकूर असतो: अमुक संस्थेला मानसशास्त्रज्ञांसाठी सीई देण्याची मान्यता आहे, आणि कार्यक्रमाची व त्यातल्या आशयाची जबाबदारी त्या संस्थेची. ‘एपीए अॅक्रेडिटेड सीई’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. ही संस्था अॅक्रेडिट करते ते डॉक्टरेटचे अभ्यासक्रम, इंटर्नशिप वगैरे. सीईच्या बाबतीत तिचा शब्द ‘अप्रूव्ह्ड’ आहे.

आणि त्या वाक्यातले ‘मानसशास्त्रज्ञांसाठी’ हे शब्द शोभेचे नाहीत. सोशल वर्करसाठी एएसडब्ल्यूबी या सोशल वर्क बोर्डांच्या संघटनेची एसीई ही मान्यता आहे, समुपदेशकांसाठी एनबीसीसीची एसीईपी. एकमेकांचे तास स्वीकारायचे की नाही, हे प्रत्येक राज्याचं लायसन्स बोर्ड ठरवतं. न्यूयॉर्कमध्ये सोशल वर्करला तीन वर्षांत 36 तास लागतात आणि ते राज्याच्या शिक्षण खात्याने मान्य केलेल्या संस्थेकडूनच घ्यावे लागतात. नुसती एसीई तिथे पुरत नाही. कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञांनाही 36 तासच लागतात, पण दोन वर्षांत. आकडा सारखा दिसला म्हणून नियम सारखे होत नाहीत.

‘सीएमई वरचं.’ वरचं-खालचं काही नाही, सीएमई म्हणजे कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन, ते डॉक्टरांचं आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं कॅटेगरी 1 क्रेडिट फक्त डॉक्टरांनाच मिळतं. त्याच खोलीत, त्याच व्याख्यानाला बसलेल्या मानसशास्त्रज्ञाला उपस्थितीचा दाखला मिळतो. काही बोर्डं तो धरतात. पण पैसे भरायच्या आधी विचारा.

‘सर्टिफिकेट मिळालं की झालं.’ बोर्डाने तपासणीसाठी निवडलं तर ते नुसतं नाव आणि तारीख बघत नाही. तास किती, मान्यता कुणाची, कार्यक्रम थेट होता की स्वतः वाचून केलेला, हे सगळं बघतं. स्वयंअध्ययनाच्या तासांवर अनेक बोर्डांनी मर्यादा घातलेली असते. न्यूयॉर्कमध्ये तर ही कागदपत्रं सहा वर्षं जपून ठेवावी लागतात.

त्या रात्री त्या मुलीच्या सर्टिफिकेटवर मला आणखी एक गोष्ट दिसली होती. मान्यता देणाऱ्या संस्थेचं नावच नव्हतं. सकाळी कोर्सवाल्यांना ईमेल करायला लावलं आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त प्रत आली. मान्यता कुणाची ते लिहिलेलं होतं, आणि 0.6 च्या शेजारी आता शब्दांत होतं: सहा तास.