'120 शेतकरी घ्या, तुलना करा' : फिरणाऱ्या संदेशाबद्दल खुलासा

कृषी विस्तार विषयाच्या विद्यार्थ्यांच्या गटांत एक संदेश फिरतोय : 'प्रबंधासाठी 120 शेतकरी हा नियम आहे. शेतीशाळेला आलेल्यांचे उत्पादन न आलेल्यांपेक्षा जास्त निघाले की शेतीशाळेचा परिणाम सिद्ध.'

(शेतीशाळा म्हणजे शेतकऱ्यांना हंगामभर शेतातच दिले जाणारे प्रशिक्षण.) यातले दोन्ही दावे टिकत नाहीत.

120 हा संख्याशास्त्राचा नियम नाही, पडलेला प्रघात आहे. नमुना किती हवा हे अपेक्षित फरक आणि शेतकऱ्या-शेतकऱ्यांतली तफावत यांवर ठरते. शिवाय एकाच गावातले दहाजण बरेचसे सारखे असतात, त्यामुळे बारा गावांतले 120 म्हणजे 120 स्वतंत्र माणसे नव्हेत.

दुसरा दावा जास्त फसवा. शेतीशाळेला येतो कोण? बहुधा ज्याच्याकडे विहीर आहे, कृषी सहायकांशी ओळख आहे, तो. त्याचे उत्पादन आधीपासूनच जास्त असू शकते! म्हणून आधीची आणि नंतरची, दोन्ही गटांची मोजणी लागते. इंडोनेशियात भाताच्या शेतीशाळा 1989 मध्ये सुरू झाल्या. तिथल्या त्याच कुटुंबांची 1991 आणि 1999 ची माहिती फेडर, मुरगई आणि क्विझोन या अभ्यासकांनी ताडून पाहिली. 2004 च्या त्यांच्या निबंधानुसार उत्पादनात वा कीटकनाशकांच्या वापरात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ शेतीशाळा निरुपयोगी असा मुळीच नाही. पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासात फायदा दिसला आहे.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासाही टाका.