शिव्या परवडल्या, स्क्रीनशॉट नको

ऑनलाइन बुद्धिबळात शिवी देणाऱ्या माणसाचा मला फारसा राग येत नाही. हे आमच्या बुद्धिबळाच्या ग्रुपवर कुणालाच पटत नाही. कसं वागावं आणि कसं वागू नये यावर आमच्यात चर्चा निघाली की सगळ्यांचा पहिला नियम ठरलेला: शिवीगाळ चालणार नाही. मान्य. पण शिवीवर उतारा हाताशीच असतो. चॅट बंद करायचं बटण दाबलं की विषय संपला. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर तर झेन मोड आहे, तो लावला की आजूबाजूचा पसारा नाहीसा होतो आणि तुम्ही बरे नि तुमचा पट बरा. मागे एकाने हत्ती गमावल्यावर मला रोमन लिपीत अस्सल कृष्णाकाठची शिवी हाणली होती. यंत्राच्या चाळणीला ती कळलीच नाही, बिनबोभाट माझ्यापर्यंत पोचली. मला आधी हसू आलं. म्हटलं, हा कुणीतरी आपल्या पट्ट्यातलाच दिसतोय.

राग येतो तो घड्याळ धरून बसणाऱ्याचा.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दहा मिनिटांचा डाव आहे. समोरच्याचा वजीर फुकट गेला. त्याच्या घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद उरलेत आणि चाल त्याची आहे. तो चाल करत नाही. डावही सोडत नाही. नावापुढचा हिरवा ठिपका तसाच, म्हणजे महाशय आहेत, फक्त हलत नाहीत. सहा मिनिटं. साडेपाच. माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या, पण उठायची सोय नाही. कारण शेवटच्या दहा सेकंदांत तो पटकन एक प्यादं सरकवणार, माझं घड्याळ चालू होणार, मी ओट्यापाशी असणार आणि वेळ संपून जिंकलेला डाव जाणार. म्हणून बसायचं, स्क्रीनकडे बघत. यात एक अक्षर वाईट बोललेलं नाही. कुठल्याही शब्दांच्या यादीत हे सापडणार नाही.

खऱ्या पटावर असं करायला छाती लागते. तिथे त्यालाही समोर बसावं लागतं, पंच फेऱ्या मारत असतात, शेजारच्या टेबलावरचे मान वळवून बघतात. म्हणजे लाज नावाची चीज आपलं काम करते. ऑनलाइन ती करत नाही, म्हणून ते काम वेबसाइटला करावं लागतं. लिचेस काय, चेस डॉट कॉम काय, वारंवार घड्याळ अडवणाऱ्याला किंवा डाव अर्धवट टाकून पळणाऱ्याला आधी ताकीद मिळते आणि मग काही काळ खेळायची बंदी. माझ्या मते ही बंदी शिवीच्या शिक्षेपेक्षा जास्त कडक हवी.

इथे एक उपकथा. आमच्यातले काही ज्येष्ठ मुलांना सांगतात, वजीर गेला की डाव सोडायचा, पुढे खेळत राहणं असभ्यपणाचं. मी मुलांना उलटं सांगते. मात होईपर्यंत खेळा. नवशिक्या मुलाने डाव सोडला तर समोरच्याला दोन हत्तींची मात येते का, हे दोघांनाही कधी कळणार नाही. घाट आहे तो पुढेच. हरतोय म्हणून खेळत राहणं आणि हरतोय म्हणून गप्प बसून राहणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तसंच समोरच्याची वेळ संपल्यामुळे जिंकण्याचं. "माझा हत्ती जास्त होता, तू घड्याळावर जिंकलास, हे काही खरं जिंकणं नव्हे" ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकते. अहो, तीन मिनिटांचा डाव तुम्ही स्वतः निवडलात ना? मग वेळ ही पण एक सोंगटी आहे, ती तुमची आधी मेली.

आता मूळ मुद्दा. हे सगळं एका पारड्यात आणि पुराव्याशिवाय कुणाला "चीटर" म्हणणं दुसऱ्या पारड्यात टाकलं, तर मला दुसरं पारडं जड वाटतं.

इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकाचा प्रोग्राम, वापरून खेळणं ही चोरीच, त्यात वाद नाही. आपल्याकडे त्याचा सगळ्यात गाजलेला प्रसंग 2021 च्या जूनमधला. कोविड मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद एकाच वेळी अनेक नामवंतांशी ऑनलाइन खेळला आणि झेरोधा या शेअर दलाली कंपनीच्या निखिल कामत यांनी त्याला हरवलं. दुसऱ्या दिवशी कामत यांनीच जाहीर केलं की आपण जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती. चेस डॉट कॉमने त्यांचं खातं बंद केलं होतं. आनंदने प्रकरण ताणलं नाही आणि वेबसाइटने ते खातं पुन्हा उघडलं. पाच वेळचा जगज्जेता, बदनामी करायची ठरवली असती तर देश त्याच्या बाजूने होता. तो पटावर आलेल्या स्थितीवर खेळला, आणि इतरांनीही तेवढंच करावं अशा अर्थाचं एक वाक्य लिहून मोकळा झाला.

आणि दुसरीकडे व्लादिमिर क्रॅमनिक. 2000 साली कास्पारोव्हला हरवून जगज्जेता झालेला माणूस. 2023 पासून त्याने ऑनलाइन खेळणाऱ्यांवर जाहीर संशय घ्यायला सुरुवात केली. ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराने जलद डावांच्या एका ओळीत 46 पैकी 45.5 गुण मिळवले, त्यावर क्रॅमनिकने बोट ठेवलं. त्याचा लाडका शब्द "इंटरेस्टिंग". चोर म्हणायचं नाही, नुसतं "इंटरेस्टिंग" म्हणायचं. बाकीचं काम वाचणारे करतात. चेस डॉट कॉमने तपासून सांगितलं की यात गैर काही नाही. साधा हिशेब आहे. जो माणूस हजारोंनी डाव खेळतो आणि बऱ्याचदा आपल्यापेक्षा खूप कच्च्या खेळाडूंशी खेळतो, त्याच्या आयुष्यात अशी ओळ कधी ना कधी येणारच.

पुढे 2024 मध्ये पाळी आली डॅनियल नारोदित्स्कीची. हा अमेरिकन ग्रँडमास्टर, पण जगभरातल्या माझ्यासारख्या हजारो मध्यम खेळाडूंचा तो मास्तर होता. ऑनलाइन प्रक्षेपणात खेळता खेळता बोलून दाखवायचा, हा उंट इथे का, ते प्यादं तिथे का नको. समोरचा कितीही कच्चा असला तरी त्याची टर उडवायचा नाही. त्याच्यावरचे आरोप कधीच सिद्ध झाले नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये तो गेला, वय 29. आरोपांमुळे गेला असं मी म्हणत नाही, ते म्हणायचा मला अधिकार नाही. पण अखेरच्या प्रक्षेपणात तो बोलला होता की आपण चांगलं खेळायला लागलो की लोक आता वाईटच गृहीत धरतात. त्यानंतर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने क्रॅमनिकची जाहीर वक्तव्यं आपल्या नीतिमत्ता आयोगापुढे नेली. आपण फक्त आकडेवारी मांडतो, असं क्रॅमनिकचं म्हणणं. असेल. आकडेवारी मांडायला जागा असते, आणि ती जागा चावडी नव्हे.

हा रोग फक्त ऑनलाइनचा नाही. 2008 साली नेदरलँड्समधल्या वाइक आन झीच्या स्पर्धेत बल्गेरियाच्या इव्हान चेपारिनोव्हने इंग्लंडच्या नायजेल शॉर्टने पुढे केलेला हात घेतला नाही. पंचांनी डावच शॉर्टला देऊन टाकला. अपिलात निर्णय फिरला, डाव पुन्हा खेळवला, आणि पटावरही शॉर्टच जिंकला. रुसवा कशाचा, तर चेपारिनोव्ह ज्याचा सहायक होता त्या माजी जगज्जेत्या टोपालोव्हच्या गोटाबद्दल शॉर्ट मुलाखतीत फसवणुकीच्या संशयाने जे बोलला होता त्याचा. शिवी इथेही कुणी दिलेली नव्हती.

आता आमच्या ग्रुपमधली गोष्ट, नावं गाळून. दर शनिवारी रात्री आमचा ऑनलाइन अरीना, म्हणजे ठरलेल्या वेळात डावामागून डाव खेळायची स्पर्धा, असतो. सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी पिढ्यान् पिढ्या मुलं घडवली, त्यामुळे ग्रुपवर निवृत्त मंडळी भरपूर आणि त्यांच्या नातवांच्या वयाची मुलंही भरपूर. एका शनिवारी नववीतल्या एका मुलाने एका निवृत्त सरांना लागोपाठ हरवलं. सर खेळाडू म्हणून पक्के, पण जलद डावात हात जड. अरीना संपला आणि ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडला, सरांचा नव्हे, तिसऱ्याच कुणाचा. त्या मुलाच्या डावाचं विश्लेषण आणि खाली एक ओळ: "अचूकता 96 टक्के. बाकी सुज्ञांस सांगणे न लगे."

किती सभ्य मराठी! त्यावर तीन अंगठे, एक डोळा मारणारा चेहरा. दहा मिनिटांनी मुलगा ग्रुपमधून बाहेर.

तो डाव मी नंतर काढून बघितला. बाराव्या चालीला सरांचा घोडा अडकला आणि गेला. पुढच्या प्रत्येक चालीत त्या मुलापुढे एकच शहाणी गोष्ट होती, ती म्हणजे सोंगट्या मारून घेणे. तेवढं केलं की अचूकता आपोआप नव्वदीच्या पुढे जाते. हा आकडा खेळाडूची ताकद सांगत नाही; त्या एका डावात तुमच्या चाली इंजिनाच्या चालींच्या किती जवळ होत्या एवढंच सांगतो. सोप्या डावात मलाही 96 पडतात, आणि अवघड डावात भल्याभल्यांचे ऐंशीच्या घरात येतात. एका डावावरून, त्यातही एका आकड्यावरून, कुणाला चोर ठरवणारा माणूस बुद्धिबळ खेळतो की मटका, असा प्रश्न मला पडतो.

यावर मला फोन आला, "अहो ताई, पण समजा त्याने खरंच इंजिन लावलं असेल तर?" असेल. तो प्रश्नच वेगळा. त्याच्यासाठी डावाखाली तक्रारीचं बटण दिलेलं आहे. ते दाबल्यावर जे तपासतात त्यांच्याकडे त्या खात्याचे शेकडो डाव असतात, प्रत्येक चालीला किती वेळ घेतला ते असतं. सोप्या चालीलाही सात सेकंद आणि मती गुंग करणाऱ्या चालीलाही सातच सेकंद, अशा खुणा एका स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाहीत. लिचेसच्या अशा एका तपासयंत्राचं नाव चक्क आयर्विन आहे. सांगलीकरांनो, आपल्या आयर्विन पुलाशी त्याचा संबंध नसावा, पण मला ते नाव वाचून उगाच भरवसा वाटतो. आणि फसवणूक सापडली तर खातं बंद होतं, हरलेल्याचे रेटिंगचे गुण परत येतात, दवंडी पिटावी लागत नाही.

हा संशय सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही सांगायला हवं. मी पूर्वी स्वतःच्या नावाने खेळायचे. जिंकले की चॅटमध्ये ठरलेला प्रश्न यायचा, "भाऊ खेळतोय का?" किंवा "मिस्टर शेजारी बसलेत वाटतं." आता माझं खातं एका भाजीच्या नावाने आहे. दोडक्याकडून हरताना कुणालाच काही प्रश्न पडत नाहीत. माझ्या ओळखीतल्या खेळणाऱ्या बहुतेक मुलींची खाती अशीच आहेत, आकडे, फळं, पक्षी. हे आपण गृहीतच धरून चाललोय की मुलीने नाव लपवावं.

जानेवारी 2024 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख त्याच वाइक आन झीहून परतल्यावर तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं. प्रेक्षकांचं लक्ष डावांपेक्षा तिच्या कपड्यांकडे, केसांकडे, उच्चारांकडे होतं, असं. तेव्हा ती 18 वर्षांची होती. त्याखालच्या काही प्रतिक्रिया वाचल्या तर तिचं म्हणणं आपसूक सिद्ध होत होतं. दीड वर्षात बातुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, मग तेच लोक "आपली लेक" म्हणून फोटो फिरवायला लागले. 1976 साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हाही गदारोळ झाला होता. तो निदान तोंडावर झाला होता.

त्या नववीतल्या मुलाच्या प्रकारानंतर ग्रुपवर मी नियम बदलले. ॲडमिन मी आहे, लोकशाही नंतर बघू. शिवी दिली तर एक शनिवार बंदी. घड्याळ अडवलं तर दोन शनिवार. संशयाचा स्क्रीनशॉट, सूचक वाक्य, डोळा मारणारा चेहरा, "सुज्ञांस" वगैरे जाहीर टाकलं तर तीन महिने. क्रम बघून बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या. दोघे ग्रुप सोडून गेले, त्यातला एक स्क्रीनशॉटवाला. जाताना लिहून गेला की ताई चोरांना पाठीशी घालतात. सरांनी मात्र त्या मुलाच्या वडिलांना स्वतःहून फोन केला होता, हे मला महिन्याभराने कळलं, तेही दुसऱ्यांकडून. मुलगा अजून ग्रुपवर परत आलेला नाही. दुसऱ्या कुठल्या टीममधून खेळतो म्हणे.

या शनिवारी रात्री नऊ वाजता अरीना आहे, तीन मिनिटांचे डाव आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद जादा. लिंक साडेआठला टाकते. ज्याला ज्याच्याविषयी जे काही वाटेल ते त्याने वेबसाइटला कळवावं, फारच अस्वस्थ झालात तर मला इनबॉक्समध्ये पाठवा. आणि पोस्टखाली "ताई, तो मुलगा नेमका कोण हो?" असं विचारणाऱ्यांची कॉमेंट मी उडवणार आहे.